पुरातले अतिरेकी

सगळा दोष वानखेडे काकांचा. आधीच सांगून ठेवतो, कारण पुरानंतर आमच्या कॉलनीतला गाळ निघाला, पण किस्से रोज साचतच आहेत आणि प्रत्येकात काकाच हीरो! काका सोसायटीचे अध्यक्ष, रिटायर्ड. मी कॉलेज सोडलेला, म्हणजे त्यांच्या लेखी अर्धा गुन्हेगार. कामठीचा सलीम आणि मी मिळून डिझेलचा पंप घेतला होता, तळघरांतलं पाणी उपसायला. धंदा नवा, पंप एकच.

*

पाणी ओसरायच्या आत काकांचा निकाल तयार. "एवढं पाणी आपोआप येते काय गा? अतिरेक्यायनं तलाव फोडला असन!"

मी म्हटलं, "अन् पार्किंगसाठी नाल्यावर स्लॅब कोणी टाकला?"

"शिकला असता त तुले समजलं असतं!"

*

गेटपाशी एक सिलिंडर तरंगत आला. "घातपात! मांगं सरका!" काका ओरडले. अर्धी कॉलनी गच्चीवर. माझे बाबा तर मला खाली विसरूनच!

काकूंनी खिडकीतून डोकं काढलं. "अवो, आपलंच हाये थे. सकाळीच संपलं."

*

मदतीची बोट आली, तर गेटला कुलूप. अनोळखी लोक घुसू नयेत म्हणून काकांनीच लावलेलं. किल्ली कुठे? काकांच्या कपाटात. कपाट कुठे? पाण्यात!

*

सलीम पंप घेऊन आला. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून काका म्हणाले, "पहिले आधार कार्ड दाखव."

सलीम म्हणाला, "दाखवतो काका. पण तुमचा फ्रिज चालला पाहा."

*

शेवटी रस्त्यावरचं पाणी ओसरल्यावर आमचा पंप शेजारच्या बिल्डिंगच्या तळघराच्या पायऱ्यांवर सुरू झाला. पंपाचा आवाज, लांब पाइप, बाजूला डिझेलचा डबा आणि सलीम. काकांना एवढं पुरे झालं. त्यांनी पोलिसांना फोन लावला आणि पोलीस यायच्या आत काठीनं पंप पाण्यात ढकलला. "पाण्यात बॉम्ब फुटत नाही!"

पोलीस सलीमला गाडीत बसवत होते. मी ओरडत होतो, "पार्टनर आहे माझा!"

बाबांनी माझा दंड धरला. "चूप राय. आपल्यावर येईन."

चौकशी करून दुपारी त्याला सोडलं. संध्याकाळी काका आमच्या दारात. मला वाटलं, माफी मागतील.

"त्या पोराले सांग, उद्या लवकर ये म्हणा. माह्या तळघरात पाणी तसंच हाये!"

पंपाचं इंजिन गेलं. सलीम माझा फोन उचलत नाही.