बसणाऱ्याच्या चपला

पुण्यात कोणालाही रस्ता विचारा, "मला माहीत नाही" असं उत्तर मिळत नाही. समोरच्याला रस्ता माहीत असतोच असं नाही, पण माहीत नाही हे कबूल करणं त्याच्या तत्त्वात बसत नाही. कौशल्या इंगोले बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन वाशीमकडून पुण्यात आली तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात ती मंडईला निघाली आणि चार जणांना विचारत विचारत रेल्वे स्टेशनावर पोचली. त्यानंतर ती सुधारली. इतकी सुधारली, की पुढे तिलाही "मला माहीत नाही" म्हणता येईनासं झालं.

तिची बसायची जागा बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या थोडं अलीकडे, महिपती शेठच्या हारफुलांच्या दुकानापाशी. दुकानातून हार घ्यायचा, चपला कौशल्याकडे ठेवायच्या, पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि दर्शनाला जायचं. सकाळी तिचा नवरा बद्रीनाथ शनिवार पेठेतल्या त्याच्या वॉचमनच्या ड्युटीवर जाता जाता येरवड्याहून तिला स्कूटरवर आणून सोडायचा आणि संध्याकाळी उचलून न्यायचा. मधले दहा तास ती, तिचं स्टूल आणि जगाच्या चपला. एखादी उलटी पडली तर ती आधी सुलटी करायची. उलट्या चपलेनं घरात भांडण होतं म्हणतात, आणि दुसऱ्याच्या घरातलं भांडण आपल्या फळीवर नको, असा तिचा साधा हिशेब.

बिल्ला देताना ती बजावायची, "खिशात टाकू नका, मुठीत धरा." तरी लोक हरवायचेच. मग येऊन म्हणायचे, "माझ्या काळ्या होत्या."

"काळ्या सगळ्यांच्याच असतात. खूण सांगा."

बावीस वर्षांत तिला चपला वाचता यायला लागल्या होत्या. बुटाला लाल माती म्हणजे सिंहगड करून आले. चालताना नवा बूट टाचेला लागतोय म्हणजे प्रवासासाठी मुद्दाम घेतला आणि आता पस्तावताहेत. पुढून पंजा घासलेला म्हणजे अस्सल पुणेकर, कारण दुचाकी थांबवताना त्याचा ब्रेकपेक्षा पायावर जास्त भरवसा. बाहेरगावचा माणूस ओळखला की ती बिल्ल्याबरोबर एक सल्लाही द्यायची, न मागता. मागितल्यावर सल्ला देणं हे तिच्या मते पुण्याबाहेरचं काम.

"रिक्षावाल्याला 'येणार का' विचारू नका. विचारलंत की तो विचार करतो, आणि विचार केला की नाही म्हणतो. आधी बसा, मग सांगा."

"मिसळ तिखट आहे का विचारू नका. नाही म्हणतील." हे सांगताना ती मनात हसायची, कारण तिच्या वऱ्हाडी जिभेला पुण्याची मिसळ म्हणजे आजाऱ्याचं पथ्य वाटायचं.

दुपारी एक ते चारचं विचारलं तर म्हणायची, "ते जुनं झालं. आता दुकानं उघडी असतात, माणसं बंद असतात."

रस्ता ओलांडण्याबद्दल तर तिचं ठाम मत होतं. "गाडीकडे बघायचं नाही. तुम्ही गाडीवाल्याला बघितलंय हे त्याला कळलं की तो थांबत नाही. सरळ नाकासमोर चालायचं." आणि शनिवारवाड्याचं नाव काढलं की हात झटकायची. "आत काही नाही. दरवाजा बाहेरून बघा, फोटो काढा, चला."

सल्ले एकूण एक खरे निघायचे. गंमत एवढीच, की कौशल्यानं ह्यातलं काहीही पाहिलं नव्हतं. शनिवारवाडा नाही, सिंहगड नाही, पर्वती नाही. आगाखान पॅलेस घराजवळ, पण त्याची फक्त भिंत पाहिलेली. सुट्टीच्या दिवशी देवळात गर्दी, म्हणून तिला सुट्टी नाही. बद्रीनाथला एकदा विचारलं होतं, तर तो म्हणाला, "दगडं पाहाले जायचं? गावाकडं दगडाइचा दुष्काळ हाय काय?" विषय संपला.

मग एवढं ज्ञान आलं कुठून? तर बाहेरगावचे काही लोक सकाळी आधी गणपतीला येतात आणि मग शहर बघायला जातात, आणि काही शहर बघून दमून संध्याकाळी गणपतीला येतात. संध्याकाळचे लोक चपला काढता काढता तिच्यापाशी कुरकुर करत. जो आपल्या चपला हातात घेतो त्याच्याशी माणूस खोटं बोलत नाही. रिक्षावाल्यानं कसं टाळलं, गडावर रविवारी नुसत्या गाड्याच कशा दिसल्या, पायऱ्या मोजत चढल्यामुळे अर्ध्यातच कसा दम लागला, सगळं ऐकून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्यांना सांगायचं. एका दमलेल्याची चूक, दुसऱ्या ताज्यातवान्याला सल्ला. ह्यावर बावीस वर्षं झकास चाललं होतं.

गणपती उठल्यानंतर आठवड्याभरात महिपती शेठनं सांगितलं, की दसऱ्याला दुकान बंद. भाचा तिथे मोबाईलची कव्हरं विकणार.

"देवाला हार घालणारे कमी झाले, कौशल्याबाई. फोनला कव्हर घालणारे वाढले."

"मग मी?"

"फोनच्या दुकानात लोक चपला घालूनच येतात हो," शेठ म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, फक्त पुण्याचे होते.

कौशल्याची झोप उडाली. एकट्या बद्रीनाथच्या पगारात भागणार नव्हतं. स्वयंपाकाच्या कामाला जावं तर तिच्या हातचं तिखट कोथरूडमध्ये कोणाला झेपलं नसतं. आणि तोंड बंद ठेवून करायचं कुठलंही काम तिला जमणारं नव्हतं, हे तीही जाणून होती.

अशात अलिझा आली. भवानी पेठेतल्या जुन्या घरातली मुलगी, बाहेरगावच्या लोकांना चालत पुणे दाखवायचा तिचा धंदा. आपल्या पाहुण्यांच्या चपला ती नेहमी कौशल्याकडेच ठेवायला लावायची आणि बाजूला उभी राहून तिचे सल्ले ऐकत खुदुखुदु हसायची. दुकान बंद होतंय हे कळल्यावर ती म्हणाली, "मावशी, माझ्याकडे गाइड म्हणून या ना. सिरीयसली. येत्या बुधवारी एक ट्रायल करू. शनिवारवाडा, तुळशीबाग आणि शेवटी पर्वती. तुम्हाला तर सगळं पाठच आहे."

इथे कौशल्यानं खरं सांगायला हवं होतं. पण पुण्यात बावीस वर्षं काढलेली बाई. ती म्हणाली, "पाठ म्हणजे? डोळे मिटून दाखवीन."

बुधवारी पाच जण होते. कोलकात्याचं एक निवृत्त जोडपं आणि कोचीच्या तीन मैत्रिणी. महिपती शेठ स्वतः चपलांवर बसले आणि कौशल्या ठेवणीतली साडी नेसून निघाली. शनिवारवाड्याच्या दरवाजासमोर तिनं आपल्या मोडक्या हिंदीत झोकात सांगितलं, "अंदर कुछ नहीं है, फोटो निकालो." सगळे हसले, फोटो निघाले. आत डोकावायची तिला स्वतःलाच अनावर इच्छा झाली, पण आता जाणार कोणत्या तोंडानं? तुळशीबागेतही निभावलं. लक्ष्मी रोड ओलांडताना मात्र ती काठावर उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे टकाटका बघत बसली. गाड्यांनी नियमानुसार तिला अजिबात जुमानलं नाही. शेवटी कोलकात्याच्या बाईंनी तिचा हात धरला, नाकासमोर बघितलं आणि तिला पलीकडे नेलं.

"तुम्हीच सांगितलं होतं ना सकाळी," बाई हिंदीत म्हणाल्या. अलिझानं भुवई वर केली.

पर्वतीच्या पायऱ्या चढताना कौशल्यानं सगळ्यांना बजावलं, की मोजू नका, आणि स्वतः मनात मोजत चढली. साठाव्या पायरीला तिला दम लागला, पुढचा आकडा विसरली. वर देवळापाशी चपला सांभाळणारी एक बाई बसली होती, आम्रपाली नावाची, कौशल्याच्याच वयाची, तशाच स्टुलावर. कौशल्यानं चपला काढून दिल्या आणि आम्रपालीनं तिच्या हातात बिल्ला ठेवला. बावीस वर्षं बिल्ले दिले, घेतला आज पहिल्यांदा. तिला उगाचच लाजल्यासारखं झालं.

मग ती देवळामागच्या कठड्याशी गेली आणि खाली अख्खं पुणं दिसलं.

"अवं माय!" बावीस वर्षांत पुसून टाकलेली वाशीमची बोली एका क्षणात तोंडातून बाहेर पडली. घरं, घरं आणि घरं, मधूनच झाडी, लांब धुरकट डोंगर. ह्या सगळ्याबद्दल आपण रोज शंभर जणांना अक्कल शिकवतो, आणि ह्यात आपलं स्टूल कुठं आहे तेसुद्धा आपल्याला सापडत नाही! तिनं दोन्ही हातांनी कठडा धरला आणि बुधवार पेठ शोधत बराच वेळ उभी राहिली. तिला रडू आलं, ते तिनं पदराला पुसलं. अलिझा पाहुण्यांना काय सांगत होती ते तिनं ऐकलंही नाही.

परत स्टँडपाशी आली तेव्हा मूठ रिकामी होती.

"बिल्ला?" आम्रपाली म्हणाली.

"पडला वाटतं कुठंतरी. माझ्या काळ्या आहेत."

"काळ्या सगळ्यांच्याच असतात, बाई. खूण सांगा."

पाच पाहुणे आणि अलिझा मागे उभे. कौशल्याला खूण सांगता येईना. लोकांच्या चपला ओळखण्यात जन्म गेला, स्वतःच्या तिनं कधी निरखल्याच नव्हत्या. आम्रपालीनं फळीवरून एक जोड काढला, उलटा केला, तळ बघितला आणि म्हणाली, "ह्या असणार. वरचा पट्टा उन्हानं विटलाय आणि तळ कोरा. ह्या बसणाऱ्याच्या चपला आहेत, चालणाऱ्याच्या नाहीत. पुण्यात पहिल्यांदाच आलात का?"

थाप मारायला एक क्षण मिळाला होता. पण वाचणारीनं बरोबर वाचलं होतं, आणि त्या विद्येपुढे खोटं बोलणं कौशल्याला पाप वाटलं.

"बावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "पण हो. पहिल्यांदाच."

अलिझाचा चेहरा उतरला. "मावशी, शनिवारवाडा तरी आतून…?"

"नाही."

"सिंहगड?"

"मातीवरून ओळखते."

"मग ते सगळे सल्ले?"

"संध्याकाळचे लोक रडतात, ते सकाळच्यांना सांगते. मला कुठलं काय माहीत!"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि कौशल्याला वाटलं, संपलं. उतरताना अलिझा भराभर पुढे निघाली. पायथ्याशी पोचल्यावर ती म्हणाली, "फोन करते." पुण्यात "फोन करते" म्हणजे काय, हे कौशल्यानं कित्येक बाहेरगावच्यांना समजावून सांगितलं होतं.

फोन खरोखरच आला नाही. तीन दिवसांनी अलिझा स्वतः स्टुलाशी येऊन उभी राहिली, जरा रागातच.

"मावशी, माझे गेस्ट मला पाचपैकी पाच स्टार देतात. सगळे. आणि परत कोणी येत नाही. त्या कोलकात्याच्या काकूंना विचारलं, तर म्हणाल्या सगळं छान होतं. तुम्हाला काय म्हणाल्या त्या?"

"सँडल घालताना म्हणाल्या, तू फार भराभर चालतेस आणि पाणी प्यायलासुद्धा थांबत नाहीस. त्या मुलींना तुझं इतिहासाचं बोलणं लांबट वाटलं."

अलिझानं ते निमूट गिळलं. मग म्हणाली, "गाइडचं काम तुम्हाला नाही जमणार. पण टूर संपली की रोज त्यांच्याशी बोलून हे काढून घ्यायचं, ते जमेल? पगार देईन."

"जमेल. पण सकाळी मलाही घोळक्यात घ्यायचं. गाइड म्हणून नाही, पाहुणी म्हणून."

"पाहुणी कशाला?"

"मला बघायचंय," कौशल्या म्हणाली. बावीस वर्षांत तिनं पुण्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

दसऱ्याला महिपती शेठनं शेवटचे हार विकले. दिवाळी झाली, थंडी पडली. एका सकाळी कौशल्या एकटीच पर्वती चढून आम्रपालीसमोर आली, चपला काढल्या आणि फळीवर मुद्दाम उलट्या ठेवल्या. टाचा बाहेरून झिजलेल्या, तळाला लाल माती.

आम्रपालीनं त्या नीट बघून घेतल्या, सुलट्या करून ठेवल्या आणि बिल्ला पुढे केला. कौशल्यानं तो मुठीत घट्ट धरला.

"काय मग, कुठं कुठं जाऊन आलात?"

"सगळीकडे. आणि शनिवारवाड्यात आत खरंच काही नाही हो," कौशल्या म्हणाली. "तीनदा जाऊन आले."