भावावर रचलेलं गाणं

माझ्या भावाने पुण्याची नोकरी सोडून दारव्ह्यात हॉटेल काढायचं ठरवलं, तेव्हा मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. हॉटेल तरी कसं? शेणाने सारवलेली भिंत, बसायला बाजा, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताटल्या आणि खायला ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी. वर कंदील टांगलेला, आणि त्यात बल्ब! मी म्हटलं, अरे बापा, हे तर इथे घरोघरी आहे, तुझ्याकडे कोण मरायला येईल? तो म्हणे, यवतमाळ रोडने जाणारे थांबतील. स्वतःचाही अवतार तसाच केलेला. दाढीला तेल, खांद्याला कापडी पिशवी, आणि नंबर नसलेला गोल चष्मा. मी कपाळावर हात मारून घेतला.

उद्घाटनाच्या आठवड्यातच पुण्याच्या मित्रांनी त्याला एक गाणं पाठवलं. ते तेव्हा फार गाजत होतं, माझ्या वर्गातली पोरंही डबा खाताना गुणगुणायची. हिंदी गाणं, मधूनमधून इंग्रजी, चाल एकदम नाचरी. त्यात एका शहरी पोराची टर उडवलेली होती. तो दाढीला तेल लावतो, मातीच्या कपातच चहा पितो, गावातल्या साध्या जगण्यावर तासभर बोलतो आणि विंचू दिसला की खाटेवर चढतो. मित्रांनी खाली लिहिलं होतं की हा तर तूच.

भावाने ते एवढ्या वेळा ऐकलं की घरात सगळ्यांचं पाठ झालं. मग एका संध्याकाळी त्याने पेंटरला फोन करून पाटी रंगवू नको म्हणून सांगितलं आणि मला म्हणाला, ताई, मी परत जातो. खरं तर मला हेच हवं होतं. पण त्याचा पडलेला चेहरा पाहून मला त्या मित्रांचा असा संताप आला की विचारू नका. माझ्या भावाला हसायचं तर मी हसेन, हे कोण लागून गेले?

बाबा बाजेवर बसून ऐकत होते. तरुणपणी बाबा गायन पार्टीत पेटी वाजवायचे, गायचेही. जयंतीच्या दिवसांत विहारासमोर दोन पार्ट्यांचा मुकाबला लागायचा. एका पार्टीने दुसरीला गाण्यातून टोमणे मारायचे, नाव न घेता पण माणूस नेमका धरून. कोणाचं टक्कल, कोणाची कंजुषी, कोणाची बायकोपुढे हलणारी मुंडी. ज्याच्यावर गाणं आलं त्याने उठून जायचं नाही हा नियम. शेवटपर्यंत ऐकायचं, खरं असेल तिथे मान डोलवायची आणि खोटं असेल त्याचं गाण्यातच उत्तर द्यायचं. उठून गेला तो हरला.

त्यामुळे बाबांना वाटलं, गाणं याच्यावरच रचलंय. त्यांनी गंभीरपणे भावाला विचारलं, त्या गाणाऱ्याचं तू काय बिघडवलंस?

मला हसू आवरेना. पण मी शाळेत हिंदी शिकवते, अर्थ सांगणं हेच माझं पोटापाण्याचं काम. बाबांना समजावलं की तो गाणारा याला ओळखत नाही, अशी हजारो पोरं शहरात आहेत, त्या सगळ्यांना मिळून हा एकच टोमणा आहे. बाबांना ते पटलं नाही. माणूस न पाहता टोमणा मारतो, हा कुठला मुकाबला? पण मग म्हणाले, आलं आहे तर ऐकून घेऊ. मला एकेक ओळ मराठीत सांगायला लावली.

दाढीच्या ओळीला त्यांनी मान डोलवली. कपाच्या ओळीलाही. विंचवाची खोटी निघाली, कारण गेल्याच महिन्यात भावाने चुलीजवळचा विंचू चिमट्याने धरून बाहेर टाकला होता. भाऊही जरा सैल झाला. मग शेवटचं कडवं आलं. हा लहानपणी आईच्या भाकरीवर रुसायचा, आता त्याच भाकरीचा फोटो काढून जगाला तिची थोरवी सांगतो.

मी सांगून गेले आणि मग लक्षात आलं. आमची आई जाऊन काही वर्षं झाली. अंबाडी दिसली की हा ताट सरकवायचा आणि बिस्किटांसाठी भोकाड पसरायचा. ती मग त्याचं उरलेलं खायची.

भाऊ उठायला लागला. बाबांनी त्याचा हात धरला.

"बस. गाणं व्हाचं हाये अजून."

"बाबा, हे खरं हाये. याले मी काय जवाब देऊ?"

"जवाब नको देऊ. पण खरं निंगालं म्हणून उठून कायले जातं?"

भाऊ परत बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. सकाळी भावाने पेंटरला परत फोन केला. बाबांची एकच अट होती, उद्घाटनाला तेच गाणं वाजलं पाहिजे. मला ती अट मुळीच आवडली नव्हती.

रविवारी माणसं बरी आली, निम्मी आमच्याच गल्लीतली, फुकट म्हणून. गाणं सुरू झाल्यावर लोक भावाकडे बघून खुदखुदू लागले. तो वाढत होता, दाढीवर हात फिरवून त्यांच्याबरोबर हसतही होता. शेवटचं कडवं सुरू झालं तसं त्याने हातातलं भांडं खाली ठेवलं. एका ताटलीत भाकर घेतली, अंबाडी घेतली आणि चुलीजवळ, बाबांच्या समोर, खाली मांडी घालून बसला. गाणं संपलं तरी तो मान खाली घालून खातच होता. ताटली त्याने बोटाने पुसून साफ केली.

बाबा वाकले, भाजीचं भांडं ओढून घेतलं आणि पळी हातात धरून म्हणाले, "अजून वाढू?"

आमच्या घरात असं विचारणारी फक्त आई होती. भावाने ताटली पुढे केली.