वगळायचं वर्ष

आमच्याकडे पावसाळ्याआधी प्रत्येक घर आगोट भरतं. तांदूळ, मीठ, सुके मासे, लाकडं, सगळं वैशाखातच घरात. दुकानदाराची आगोट मात्र अख्ख्या वाडीची असते. त्या काळी पाऊस लागला की मालवणचं बंदर बंद व्हायचं. आगबोट नाही, गलबत नाही, आणि घाटातून माल यायचा तो दरडीच्या मर्जीने. म्हणजे गणपतीत किती गूळ खपेल, किती रवा, किती कापूर, हे बाबांना आंबे पिकत असतानाच ठरवावं लागे. कमी भरला तर गिऱ्हाईक परत जातं, जास्त भरला तर गुळाला पाणी सुटतं.

बाकीचे दुकानदार हे अंदाजपंचे करत. बाबा त्यातले नव्हते. आजोबांचं दुकान सांभाळायला गावी येण्याआधी ते मुंबईत एका गिरणीच्या कचेरीत आकडेमोडीच्या खात्यात होते, आणि तिथून त्यांनी आणलेली एकच चैन म्हणजे चौकटींचा कागद. मागच्या पाच वर्षांची विक्री घ्यायची, सरासरी काढायची, रेषा ओढायची. तीही इंग्रजी महिन्यांनी नव्हे, तिथीने. अधिक महिना आला की चतुर्थी पुढे सरकते आणि इंग्रजी महिने धरून बसणाऱ्याची फजिती होते. बेरीज-भागाकार माझ्याकडे असायचे. भाद्रपदात ती रेषा ताठ वर चढे. आई तिला नाग म्हणायची. चूल फुंकता फुंकता आतून ओरडायची, "अवो, तुमचो नाग खंय पावलो?" बाबा हसायचे नाहीत, पण भाद्रपदाशी आले की पेन्सिल जरा थांबवायचे, तिने विचारावं म्हणून.

आमची वाडी एकाच भावकीची. चतुर्थीच्या तोंडावर कुणी गेलं की सगळ्यांना सुतक, आणि त्या वर्षी कुणाच्याच घरी गणपती नाही. असं वर्ष बाबा हिशेबातून काढत आणि त्याच्या जागी आधीचं एखादं धडधाकट वर्ष घेत. आजोबा गेले त्या वर्षावर त्यांनी तांबड्या पेन्सिलीने काट मारली, तेव्हा आई दारात उभी होती.

"माणूस गेलो तो गेलो," ती म्हणाली, "आता त्येंचा वर्सय पुसतास?"

"अपवादात्मक वर्ष वगळावंच लागतं," बाबा म्हणाले. हिशेबाचं बोलताना ते कचेरीतलं मराठी बोलत. "नाहीतर पुढचा अंदाज चुकतो. शास्त्र आहे ते."

"तुमच्या शास्त्राक आवस-बापूस नाय काय?" असं म्हणून तीच खो खो हसली. आम्हीही हसलो.

पुढे काही वर्षांनी, साठ सालच्या आसपास, आई तापाने गेली. चतुर्थी तोंडावर होती. दुकान छपरापर्यंत भरलेलं. गणपतीसाठी मुंबईहून निघालेले चुलते पोचले ते दहाव्याला. बंद फळ्यांच्या फटींतून पाझरलेल्या गुळाचा वास येत राहिला.  मोदक कुणी आणून दिले तर मी अजून हात लावत नाही. लोक म्हणतात नखरे आहेत. असू देत.

वैशाख आला. बाबांनी कागद पसरला, मी आकडे वाचत गेले. मागच्या वर्षाशी आले आणि तांबडी पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती घेतली नाही.

"बाबानू, ह्या साल वगळूक होया," मी म्हटलं. "तुमीच शिकयलात मां माका?"

"नको गो बाय," ते म्हणाले. "माका जमाचा नाय."

हिशेब चालू असताना त्यांच्या तोंडी घरची भाषा मी पहिल्यांदा ऐकली. मी ते वर्ष बेरजेत धरलं.

नाग त्या वर्षी मान खाली घालून होता. त्या बेताने माल भरला आणि हरताळकेच्या आधीच गूळ संपला. भावकीतल्या बायका रिकाम्या पिशव्या घेऊन पाऊस झेलत बाजारात गेल्या.  दर वर्षी तेच. आईचं वर्ष पाचांत बसलेलं, आणि ते सगळ्यांना खाली ओढायचं. गिऱ्हाईक हळूहळू तुटत गेलं. मी बाबांवर चिडायचे, मग त्यांच्या पाठीकडे बघून पुन्हा बेरजेला बसायचे. एका गोष्टीवर मी दिवस काढत होते. सरासरी पाच वर्षांची. नवीन वर्ष आत आलं की सगळ्यांत जुनं बाहेर पडतं. एक ना एक दिवस आईचं वर्ष आपोआप सुटणार होतं, कुणाला काट मारावी लागणार नव्हती.

तो वैशाख आला. मी पाच वर्षं मांडली. आई त्यांत नव्हती. नाग पुन्हा मान वर काढणार होता, दुकान वाचणार होतं. बाबांनी कागद आपल्याकडे ओढला. चुलीपाशी मीच आता स्वयंपाक करत असे, त्यामुळे आतून कुणी हाक मारणार नव्हतं. त्यांनी पेन्सिल उचलली, माझ्या पाच आकड्यांच्या वर थोडी जागा होती तिथे आईच्या वर्षाचा आकडा लिहिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "औंदा सहांची काढ गो."

"आणि फुडल्या वर्साक?"

"सातांची."

मी सहांनी भागायला घेतलं.