पाणबुडीच्या नाकावरची गाठ

ट्रक दारात लागला होता. ड्रायव्हर दोर मोकळे करत होता. आणि मॅडम म्हणत होत्या, पाणबुडीचं नाक डाव्या बाजूनं फुगलेलं आहे.

मी म्हटलं, फुगलेलं नाही. मी हात फिरवून पास केलं आहे.

माझा धंदा पॅटर्नचा. पॅटर्न म्हणजे मशीनच्या भागाची लाकडी नक्कल. ती वाळूत दाबायची, खड्डा पडला की त्यात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस ओतायचा. खामगावच्या कापसाच्या जिनिंगचे, तेलघाण्यांचे भाग मी आयुष्यभर असेच घडवले. शाळा चौथीत सुटली, पण गोलाईत मले कोणी चूक दाखवली नव्हती.

पाणबुडीचं काम मॅडमनं आणलं; त्या मॉडेल करून घेणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. खरी पाणबुडी बांधायच्या आधी तिचं मोठं मॉडेल करतात. एका लांबलचक टाक्यात पाण्याखालून ते ओढतात आणि पाणी किती अडवतं ते मोजतात. आमचं मॉडेल दोन बैलगाड्या एकामागं एक लावल्या एवढं लांब होतं. फळ्यांवर फळ्या चिकटवून, तासून, वर प्रायमर मारलेला. शेवटचा रंग तिकडंच लागणार होता. लोक पाहायले येत. एकानं विचारलं, बुलडाणा जिल्ह्यात समुद्र कुठं आहे? मी म्हटलं, लाकूड तर आहे.

हे काम पुण्याच्या मोठ्या शॉपले जाणार होतं. मॅडम आपल्या साहेबांशी भांडल्या आणि माझ्याकडं घेऊन आल्या. टाक्याचा नंबर परवाचा होता, म्हणजे ट्रक आजच सुटायले पाहिजे होता. चुकला तर दुसऱ्याचा लागणार, आणि मॅडमचं तोंड साहेबांसमोर लहान होणार. माझंही नाव जाणार, पण ते मी बोललो नाही.

मॅडमनं टेम्प्लेट लावलं. टेम्प्लेट म्हणजे ड्रॉइंगप्रमाणं गोलाई कापलेली प्लायची पट्टी. ती अंगाले घट्ट बसली पाहिजे, मधून उजेड दिसायले नको. डावीकडं पट्टी डुलत होती.

"तुमची प्लायच ओल प्यायली असंल," मी म्हटलं.

त्यांनी तीच पट्टी उजवीकडं लावली. चपखल बसली. पट्टी माझ्यापुढं धरली.

मग मी डोळे मिटून तळवा फिरवला. डोळा फसतो, तळवा फसत नाही. गव्हाच्या पोळीनं मधोमध जराशी हवा धरावी, तेवढा उठाव होता. फळीत गाठ होती, पावसाळी हवेत ती फुगली. फळी मीच निवडलेली. एवढ्याशा उठावानं पाणी तिथं फाटतं, आकडा खोटा येतो, आणि खोट्या आकड्यावर खरी पाणबुडी बांधली जाते. मॅडमनं हे पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

"घासून टाकू. किती वेळ लागतो?" मॅडम म्हणाल्या.

"आज नाही."

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्यात नवमीले हत्यारं धुऊन, तेल लावून पाटावर मांडतात. एकदा कुंकू लागलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्यार उचलत नाहीत. माझ्या बापानं उचललं नाही, मीही नाही. मॅडमचा चेहरा उतरला. ड्रायव्हरनं दोर तिथंच टाकला आणि सावलीत जाऊन बसला.

माझा धाकटा भाऊ बंडू शॉपमध्ये माझ्यासोबतच असतो. त्याले राहवलं नाही.

"दादा, रंधा नको घेऊ. पॉलिश पेपर का हत्यार आहे?"

"सकाळी त्याले कुंकू लावलं का नाही?"

"सगळा खोकाच पूजेत ठेवला तर लागणारच ना."

"मग हत्यार आहे."

बंडू कपाळाले हात लावून बसला. म्हणे, यमराज आला तरी हा त्याले नवमीनंतर यायले सांगंल.

मॅडमनं आपली बॅग उघडली.

"काका, हा पेपर पुण्याचा आहे. याला कुंकू लागलेलं नाही. आणि घासणार मी."

मी विचार केला. अडवायले काही सापडलं नाही. एक स्टूल ओढून नाकाजवळ बसलो. मॅडम घासत होत्या, मी तळवा ठेवून सांगत होतो. इथं घ्या. आता सोडा. कडेले नको, मधात.

"काऊन दादा," बंडू म्हणाला, "लोकायले तर सांगतो, माझा हातच माझं हत्यार आहे म्हणून."

"आज तो सुट्टीवर आहे. नुसता पाहून राह्यला."

मॅडम हसल्या, सगळी धूळ नाकात गेली. शिंका थांबल्यावर मी तळवा फिरवला आणि म्हटलं, बस, झालं. त्यांनी पट्टी लावली. केसाएवढा उजेड होता. "अजून थोडं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तेवढ्यानं काही होत नाही. त्यांनी ऐकलं नाही, आणखी घासलं. पुन्हा पट्टी लावली. उजेड गेला. मी तळवा ठेवला, तर आता ती जागा सापडेचना. मी नुसती मान डोलावली. एवढ्यावर त्या खूश दिसल्या.

ट्रक चहाच्या वेळेले सुटला. दसऱ्यानंतर मॅडमचा फोन आला. मॉडेल वेळेवर पोचलं, तपासणीत पास झालं, टाक्यात नीट चाललं. त्यांनी व्हिडिओ पाठवला. पिवळ्या रंगाचं माझं लाकूड पाण्याखालून सरळ जात होतं. बंडूनं तो सगळ्या गल्लीले दाखवला. मी दोनदाच पाहिला. तिसऱ्यांदा पाहायचं तर मोबाईल बंडूकडंच होता.

आता दुसरं मॉडेलही आमच्याकडंच आलं आहे. गाठीची फळी मी पाण्याच्या कामाले घेत नाही. आणि नवमीच्या आदल्या दिवशी पॉलिश पेपरचं एक पाकीट माळ्यावर वेगळं ठेवतो, कुंकवाच्या हाताबाहेर. बंडू म्हणे, दादा, नियम मोडला. मोडला नाही. पाहुण्यांची सोय केली.