रविवारी बंद

सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमना सस्पेंड केलं, ही बातमी लिफ्टमधून खाली पोचेपर्यंत त्यांनी साहेबांना फाइल फेकून मारलीसुद्धा होती. तळमजल्यावरच्या काकू लगबगीने सांत्वनाला जाऊन आल्या. मॅडम काहीच बोलेनात, म्हणजे बातमी खरीच! खरं एवढंच, की बाईंचा घसा साफ बसला होता आणि त्या रजेवर होत्या.

घसा बसायला कारण मात्र ऑफिसच. मॅडम आरोग्य खात्यात कक्ष अधिकारी. तरुण मुलांच्या आत्महत्या थांबवायला सरकार जी योजना आखतंय, तिची फाइल त्यांच्या टेबलावर. म्हणजे असते अधूनमधून. एरवी ती खात्याखात्यांत पाहुणचार घेत हिंडते आणि सगळीकडून 'चर्चा करावी' एवढा शेरा घेऊन परत येते. मग चर्चा. एका बैठकीत 'आत्महत्या' हा शब्दच उडाला, पत्रकावर मंत्र्यांच्या फोटोशेजारी बरा दिसत नाही म्हणून. पुढच्या बैठकीत पत्रकाचा रंग ठरला, त्याच्या पुढच्या बैठकीत बदलला. मॅडमनी हे सगळं गिळलं. त्यांचा जीव एकाच कलमात अडकला होता: मुलांना मन मोकळं करायला जी हेल्पलाइन, ती रात्रंदिवस चालू हवी. हेच दर बैठकीत ओरडून सांगता सांगता घसा गेला.

फाइल परत आली, तेव्हा त्या कलमापुढे लिहिलं होतं: 'कार्यालयीन वेळेत, सुट्टीचे दिवस वगळून.'

लेकीला हे सांगितलं, तर ती बॅग पाठीवर टाकत म्हणाली, "अगं आई, त्या वेळात आम्ही वर्गात असतो. फोनसुद्धा जमा करून घेतात. रडायचं असलं तर रजा टाकायची का?"

"मला नको ऐकवूस. साहेबांना ऐकव."

"मग बोलवा की आम्हाला बैठकीला!"

"बोलावलं होतं गं. नेमकं तुमच्या परीक्षेच्या दिवशी."

घसा जरा मोकळा झाल्यावर मॅडम थेट उपसचिवांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पुष्कळ कुरकुर करून साहेबांनी रात्रपाळी मान्य केली. रविवारावर मात्र अडून बसले.

"रविवारी माणसं आणू कुठून? तुम्ही उगाच ताणताय, मॅडम. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. सोमवारपर्यंत थांबतील की मुलं."

फाटक्या आवाजात मॅडम म्हणाल्या, "साहेब, सोमवारपर्यंत थांब, एवढंच तर त्यांना सांगायचंय. ते सांगायला रविवारी फोन कोण उचलणार?"