पाकळी पडली नाही तेव्हा

पन्नाशी ओलांडल्यावर प्रथमच असे काही लिहितो आहे, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी. माझ्या मुलीच्या, सईच्या, पाठीचा कणा एका बाजूला वळत असल्याचे एक्स-रेत दिसले आणि आम्ही दोन डॉक्टर गाठले. वाढीचे वय आहे, वेळ दवडली तर पुढे शस्त्रक्रिया टळणार नाही, यावर दोन्ही डॉक्टरांचे एकमत होते; पाठीला आधार देणारा ब्रेस कोणता, यावर मात्र नव्हते. माजिवड्याचे डॉक्टर मापाने घडवलेला कडक ब्रेस दिवसरात्र घालायला सांगत होते, डोंबिवलीचे मऊ पट्टा पुरेल म्हणत होते. डॉक्टरांना उलट प्रश्न विचारणे मला कधीच जमले नाही. म्हणून देवाला विचारायचे ठरवले.

आमच्या कोकणातल्या गावकऱ्यांनी डोंबिवलीत बांधलेल्या देवळात आजही कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न सांगायचा आणि उजवी पडते की डावी, ते पाहायचे. मी सईला घेऊन गेलो आणि प्रश्न पुटपुटलो. गुरव म्हणाले, "मोठ्यान सांगा. देवाक ऐकाक येता, माका नाय."

उजवी पडली तर माजिवड्याचा कडक ब्रेस, डावी पडली तर डोंबिवलीचा मऊ पट्टा, असे मोठ्याने सांगितले. बराच वेळ एकही पाकळी हलली नाही.

मागे खोळंबलेल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, ब्रेस देवाने घालायचाय की पोरीने? तिला विचारलंत?" मग सईकडे वळल्या. "माझ्या लेकीने वापरलाय गं. ब्रेस घालून परत एक्स-रे काढून कणा सरळ होतो का बघू, असं दोघांतलं कोण म्हणालं?"

"माजिवड्याचे. शाळेत बाकावर कशी बसतेस, तेही त्यांनी मलाच विचारलं. दुसरे फक्त बाबांशी बोलले."

"कडक असतो हां. बोचतो."

"माहितीये," सई म्हणाली. "पण घालेन."

मी पुन्हा हात जोडले. या वेळी डॉक्टर मागितला नाही; तिला बळ दे, एवढेच म्हटले, आणि आवाज आपोआप मोठा निघाला. उजवी पाकळी अलगद खाली आली. ओल सुकली असेल. मी वाद घालत नाही.

माजिवड्याचा ब्रेस घालून काढलेल्या एक्स-रेत कणा बराच सरळ दिसला. पुढचे तिच्या नेमावर आणि वाढीवर आहे, आणि मला त्याची भीती वाटत नाही. त्या बाईंचे नाव विचारायचे राहिले. देवळात गेलो की त्यांच्या वाटचा नमस्कार देवापाशी ठेवतो. निवड आपण करावी आणि ती निभावण्याचे बळ त्याच्याकडे मागावे, इतकेच मला उमगले आहे.

रोज सकाळी ब्रेसचे पट्टे मी आवळतो. तिला दुखेल म्हणून माझा हात थांबतो. ती श्वास आत घेते आणि म्हणते, "अजून थोडा, बाबा."