गिरणीचा पहिला भरडा

आमच्या गावातली पिठाची गिरणी नदीपासून दीडशे पावलांवर आहे. गाव जामखेडच्या पूर्वेला, कमी पावसाच्या पट्ट्यात. नदीत वर्षाचे आठ महिने नुसती वाळू असते. त्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी, सकाळी सातच्या सुमारास, तिला पाणी आलं आणि गिरणीत छातीएवढं चढलं. दुपारी ते उतरलं. मी नगरला एका दैनिकात काम करते. दुसऱ्या दिवशी गावी पोहोचले तेव्हा गिरणीच्या भिंतीवर सरळ रेघ होती. रेघेच्या वर जुनं पीठ चिकटलेलं होतं, खाली गाळ.

गिरणी तात्यांची. त्यांच्या वडिलांनी घातलेली. तात्या दळतात, त्यांची बायको, म्हणजे काकू, डबे उतरवून घेतात आणि कुणाचं दळण कुठलं ते लक्षात ठेवतात. गिरणीमागेच त्यांचं घर, तेही पाण्यात गेलं होतं. दोघं शाळेच्या एका खोलीत राहायला आले. पहिल्या दिवशी मी विचारलं, "किती नुकसान झालं?" तात्या म्हणाले, "ते तलाठ्याला सांगितलंय. तुमी चहा घ्या." मी चहा घेतला. आमच्यात एवढंच बोलणं झालं.

गाळ काढायला आठ दिवस लागले. गावातली माणसं आळीपाळीने आली. मोटार जामखेडला वायंडिंग भरायला दिली. तिथे पाण्यात गेलेल्या विहिरींच्या मोटारींची रांग होती. उरले दगड. पाणी प्यायलेला दगड उन्हात ठेवला तर तडकतो, म्हणून तात्यांनी दोन्ही दगड छपराखाली उभे करून ठेवले. तीन आठवडे रोज सकाळी ते त्यांना हात लावून बघायचे. मग टाकी आणि हातोडी घेऊन त्यांनी दगडाच्या खाचा पुन्हा काढल्या. त्यांची बोटं गाळाने आणि फिनेलने सोलली होती. टोकांना चिंध्या गुंडाळून त्यांनी हे काम केलं.

टाकी लावलेल्या दगडावर लगेच खायचं दळण घालत नाहीत. आधी भरडा काढतात, म्हणजे मका किंवा किडकं धान्य भरडून घेतात. दगडाची सुटी कच त्यात निघून जाते आणि तो भरडा गुरांना घालतात. एरवी एक पोतं पुरतं. पाण्यात भिजलेल्या दगडाला दोन दिवस लागतात. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मलाही होतं.

मोटार भरून आली तसा गावाच्या मोबाईल ग्रुपवर निरोप मी टाकला. "गुरुवारी सकाळी नऊ वाजता गिरणी सुरू होत आहे. प्रत्येक घरातून एक डबा दळण यावं. घरघंटी असलेल्यांनीही आणावं." गुरुवार आमचा बाजाराचा दिवस, वाड्यांवरची माणसं गावात येतात, म्हणून मी तो धरला. तात्यांनी फोनवर सांगितलं होतं, "शनिवार धरा, ताई." मी म्हणाले, गुरुवारी गर्दी होईल. ते म्हणाले, "बरं."

गुरुवारी नऊ वाजता गिरणीच्या दारापासून मारुतीच्या पारापर्यंत डबे होते. कुणीतरी नारळ फोडला. तात्यांनी सकाळपासून मक्याचं एक पोतं भरडून काढलं होतं. ते दारात आले आणि म्हणाले, "आजचा दिवस आन् उद्याचा भरडा काढू द्या. परवा या."

"आता डोक्यावरनं डबा परत न्यायचा व्हय?" वाडीवरची एक बाई म्हणाली. "चार किलोमीटर आलेय मी."

"दळा बिनघोर, तात्या," मागून एक म्हातारा म्हणाला. "मला दातच न्हाईत. कचकच हुतेय कुणाला?"

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फोटो काढत होते.

"तुमीच गुरुवार सांगितलाय," ते म्हणाले.

"इतकी माणसं आलीत, तात्या," मी म्हणाले.

त्यांनी पट्टा चढवला. पीठ पडायला लागल्यावर ते चिमटीत धरून बघायची त्यांची सवय. त्या दिवशीही त्यांनी चिमूट घेतली. बोटांना चिंध्या होत्या.

बातमी मी तिथेच, पारावर बसून लिहिली. रांगेतल्या एका बाईला विचारलं, पीठ कसं आहे. ती म्हणाली, "पयल्यासारखंच हाय की." मी ते छापलं. तिने अजून भाकरी केलेली नव्हती.

संध्याकाळी आईने भाकरी केली. पहिल्या घासाला दाताखाली कच आली. आई चावायची थांबली. मी पण थांबले. मग आईने घास गिळला.

"आई, हे—"

"गप खा. किती दिवसांनी चाललीय त्यांची गिरणी."

दुसऱ्या दिवशी तिने पीठ जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळलं. फडक्यात राखाडी कण राहिले. ते तिने चुलीत टाकले. कच थोडी कमी झाली, गेली नाही. शेजारी तेच चाललं होतं. नळावर बायका एकमेकींना फडकं कुठलं वापरलं ते विचारत होत्या. गिरणीत मात्र प्रत्येकजणी काकूंना सांगत होती, "झ्याक झालंय बघा पीठ." दुसरं दळण घेऊनही त्या गेल्या. त्या आठवड्यात दिवाळी होती. चकलीची भाजणी सगळ्या गावाने तात्यांकडेच दळली. पाहुण्यांना चकली देताना आई आधी चहा पुढे करायची.

तात्या आणि काकूंना हे कळलं नाही, त्याचं कारण साधं होतं. त्यांचं घर अजून ओलं होतं, चूल मांडलेली नव्हती. गावातल्या घरांनी वार वाटून घेतले होते आणि रोज एका घरातून शाळेत त्यांच्या भाकरी जात होत्या. आमचा मंगळवार. ज्या घराचा वार असेल ते घर त्यांच्यापुरत्या भाकरी घरघंटीच्या पिठाच्या करायचं किंवा दुकानातून पिठाची पिशवी आणायचं. तसं करा म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आईनेही तसंच केलं आणि मी डबा पोहोचवला. गिरणीचं पीठ न खाणारी गावात तेवढी दोनच माणसं होती.

दिवाळीनंतर मी नगरहून पुन्हा आले तेव्हा गिरणीपुढे दोन डबे होते. लोक शेजारच्या गावात दळायला जात होते; मोटारसायकलवर डब्याला गोणपाट गुंडाळून, गिरणीपुढून न जाता ओढ्याच्या वाटेने. तात्या स्टुलावर बसले होते. बोटांच्या चिंध्या निघाल्या होत्या, नवी कातडी गुलाबी होती.

काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाय, आमचं काय चुकलं का कुणाचं? पयल्यांदा लई आली माणसं. आता तोंड चुकवत्यात."

मी दाराशी ठेवलेल्या दोन डब्यांकडे बघितलं. काकू पुढे म्हणाल्या,

"सोमवारी बीडकडचा एक माणूस मशीन बघायला येणार हाय. ह्यांनीच बोलवलंय. म्हंत्यात, माणसांनी दया केली तेवढी केली, आता पुरे."

तो शनिवार होता. मी घरी येऊन आईला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने परातीतलं पीठ बाजूला केलं, उठली, आतल्या डब्यातून तात्यांकडचं पीठ काढलं आणि न चाळता एक भाकरी केली. फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"बोलू नकोस काही. नुसती दे."

"तू का नाही येत?"

"माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. निरोप तू टाकला हुतास ना?"

मी गेले. तात्यांना म्हणाले, आईने दिलीय, गरम आहे. त्यांनी तुकडा मोडला. तोंडात घातला. दोनदा चावलं आणि जबडा थांबला. जिभेने त्यांनी कण पुढे आणला, बोटावर घेतला, दारातल्या उजेडात धरला. काकू बघत होत्या.

"हे आपलं हाय?" तात्यांनी विचारलं.

"हो."

"पयल्या दिवसापास्नं?"

"हो."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"भाजणी पन?"

मी मान हलवली. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या. तात्यांनी तोंडातला घास थुंकला नाही, खाल्ला. उरलेली भाकरीही खाल्ली. त्याला बराच वेळ लागला. मग त्यांनी दाराशी असलेले दोन्ही डबे उचलून माझ्याकडे दिले आणि ज्यांचे होते त्यांच्या घरी द्यायला सांगितले. पट्टा उतरवला, वरचा दगड काढायला घेतला. मला एवढंच म्हणाले, "शनिवार म्हनलो हुतो."

मी डबे घेऊन गेले.

त्यांनी दगडाला पुन्हा टाकी लावली. रविवारी पहाटेपासून मक्याचा भरडा सुरू झाला. दारावर खडूने लिहिलं: "भरडा चालू आहे. दळण मंगळवारी." सोमवारी बीडकडचा माणूस पिकअप घेऊन आला. गिरणी चालू होती, आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं. तात्यांनी त्याला हाताने स्टूल दाखवलं. तो बसला. पोतं संपल्यावर तात्या बाहेर आले आणि म्हणाले, तुमचा हेलपाटा झाला, मशीन द्यायचं नाही. त्याने विचारलं, मग बोलवलं कशाला? तात्या म्हणाले, "तवा पीठ चाखलं नव्हतं." त्या माणसाला ते समजलं नाही. काकूंनी त्याला चहा दिला. तो पिऊन गेला.

मंगळवारी सात डबे आले. तात्यांनी आधी स्वतःची पायलीभर ज्वारी दळली. काकूंनी गिरणीच्या दारातच तीन दगडांची चूल मांडून भाकरी केली. ती तात्यांनी सगळ्यांसमोर उभ्याने खाल्ली. बिनदाताचा म्हाताराही आला होता, तोही उभ्याने बघत होता. खाऊन झाल्यावर तात्यांनी हात धुतले आणि पहिला डबा घेतला.

मी आईचा डबा घेऊन गेले होते. मला संध्याकाळच्या एसटीने नगरला निघायचं होतं. म्हणून मी तो पुढे नेऊन ठेवला.

तात्यांनी तो उचलला आणि रांगेत शेवटी नेऊन ठेवला.

"नंबरानं," ते म्हणाले.

मी डब्यापाशी उभी राहिले.